चकचकीत पेट्या नापास करणारी वत्सला

वत्सला,

काल विकास गटाच्या कचेरीत तुझी शोकसभा झाली. नवे साहेब उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वत्सलाबाईंनी या तालुक्यातल्या कितीतरी सुइणींना शिकवून तयार केलं." मी पहिल्याच रांगेत होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अगं, शिकवलं मी. चुलीपुढे उकिडवी बसून, धुरानं डोळे लाल करून घेऊन, तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून घसा बसवून घेतला तो मी. तू आयुष्यात एका सुईणीला काही शिकवलं नाहीस. मी शिकवून पुढच्या गावी गेले की तू मागून जायचीस आणि शिकवलेल्यातलं काय उरलंय ते बघायचीस. तेच तुझं काम होतं. माझं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर लावलं असतं तर मी तिथंच उठून बोलले असते. तुझ्या नावावर लावलं म्हणून पदर तोंडाला लावून बसून राहिले. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिनं पाठीवरून हात फिरवला. तशी रडतही होतेच.

तू सभेला असतीस तर साहेबांना मध्येच थांबवलं असतंस. आवाज न चढवता विचारलं असतंस, "साहेब, तयार केलं म्हणजे नक्की काय केलं?" आणि सगळी सभा गार पडली असती. पुढच्या वक्त्यानं तुला शांत म्हटलं, त्याच्या पुढच्यानं सोशिक. मी मनात म्हटलं, यांच्यापैकी एकही जण तुझ्याबरोबर एका खोलीत राहिलेला नाही.

मी राहिले. म्हणून हे मला लिहू दे. आणि मला आणखीही एक सांगायचंय. माझं शिकवणं त्या बायकांच्या हातात उतरलं की नाही, एवढंच मी तुला इतकी वर्षं विचारत होते, आणि तू शेवटपर्यंत हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. तुझ्यामाघारी मला ते उत्तर शोधायला जावं लागलं. ते पुढे सांगते.

तू पनवेलला आलीस तेव्हा परदेशच्या मदतीनं सुइणींचे वर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी आरोग्य केंद्राची नर्स, म्हणून वर्ग माझ्याकडे. खाडीकडच्या मोहल्ल्यात घरमालकीण आपांच्या घरी माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. एके दिवशी तू एक वळकटी, एक ट्रंक आणि छत्री घेऊन जिना चढून आलीस आणि म्हणालीस, "मी मूल्यमापनाची. मला इथंच राहायला सांगितलंय." मूल्यमापन हा शब्द तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला. कचेरीतल्या शिपायानं तर तुला मोजणीबाई करून टाकलं. मग काय, कोन गावाला तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा लोकांना वाटलं जमीन मोजायला कुणी आलं. पुरुषमाणसं बांधावर येऊन उभी राहिली आणि कुणाचा बांध कुठवर ते तुला तावातावानं सांगायला लागली. तू ते सगळं ऐकून घेतलंस आणि मग विचारलंस, "या घरात बाळंतीण आहे का?"

मला सुरुवातीला तुझा राग यायचा. का नाही येणार? मी राबायचं आणि हिनं मागून येऊन गुण द्यायचे. त्यातून आपण एका खोलीत. सकाळी तू माझ्या हातचा चहा प्यायचीस आणि दुपारी माझ्या कामाच्या चुका काढायला निघायचीस. आपण ठरवलं होतं, घरात कामाचं बोलायचं नाही. ते ठरवलेलं त्याच दिवशी जेवायच्या आत मोडलं. आपा खालून म्हणायच्या, "बेटी, तुमची बहस ऐकल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही." बरं, माझा आवाज खाली जायचा, तुझा नाही. त्यामुळं आपांना नेहमी वाटायचं की मी एकटीच भांडते.

पण तुझी ती काम करायची तऱ्हा. मी नंतर मुंबईहून आलेले शिकलेसवरलेले लोक पाहिले, छापील प्रश्न घेऊन यायचे. "सुईण पाणी उकळते का? हो की नाही?" आपल्याकडच्या बायका पाहुण्याला नाही म्हणतील का? पाहुण्याला काय ऐकायचंय ते त्यांना त्याच्या तोंडावरूनच कळतं. सगळ्या हो म्हणायच्या. ते लोक खूश होऊन परत जायचे. तू असा प्रश्न कधीच विचारला नाहीस. तू बाळंतिणीच्या खाटेपाशी जमिनीवर बसायचीस, बाळ मांडीवर घ्यायचीस आणि म्हणायचीस, "त्या दिवशी काय काय झालं गं? पहिल्यापासून सांग." एवढंच. बाळंतपणाची हकीगत सांगायला कुठल्या बाईला आवडत नाही? पोट कधी दुखायला लागलं, नवरा कुठं होता, सासू काय बोलली, दिव्यात तेल होतं की नव्हतं, सगळं यायचं. त्यात चुलीवर काय होतं ते आपसूक यायचं, किंवा यायचं नाही. यायचं नाही तेव्हाही तू विचारायची नाहीस. मग सासूकडून तीच हकीगत ऐकायचीस, शेजारणीकडून ऐकायचीस, आणि तिन्ही मनात जुळवून बघायचीस.

कोनच्या भागीमावशीवरून आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं, ते आठवतं तुला?

भागीमावशी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वर्ग संपला की प्रत्येक सुईणीला मदतीतली पेटी मिळायची. ॲल्युमिनियमची चकचकीत पेटी, आत कातर, नाळ बांधायचा दोरा, साबणाची वडी, वाटी, रबरी कापड. पेटी नीट राहावी म्हणून वरून हुकूम निघाला होता की दर खेपेला पेट्या तपासायच्या आणि जिची पेटी सगळ्यात स्वच्छ तिला लुगडं बक्षीस. भागीमावशीनं ते लुगडं मिळवलं होतं. तिची पेटी उघडली की तोंड दिसायचं तिच्यात. मी तिचं नाव प्रत्येक वर्गात घ्यायचे. योजनेच्या मॅडम परदेशातून येणार होत्या, योजना पुढे चालवायची की गुंडाळायची ते ठरवणार होत्या, आणि त्यांना पहिली दाखवायची ती भागीमावशीची पेटी, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या आधी तू मला म्हणालीस, "माझ्याबरोबर कोनला चल. फक्त बोलायचं नाही." बोलायचं नाही म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. तरी आले. भागीमावशीच्या आळीत एक नवी बाळंतीण होती. तू बसलीस, बाळ घेतलंस, पहिल्यापासून सांग म्हणालीस. पोरगी सांगत गेली आणि सांगता सांगता म्हणाली, "मंग भागीमावशीनं विळा आनला, राखेनं घासला नि नाळ कापली."

विळा. राखेनं घासलेला. मला वाटलं जमीन दुभंगावी. त्या राखेनं, त्या गंजक्या विळ्यानं पोरांना धनुर्वात होतो, आठवड्याभरात पोर आकडी येऊन जातं आणि घरचे म्हणतात सटवाईनं नेलं. हे सगळं मी भागीमावशीला शिकवलं होतं. तिनं ते माझ्यासमोर न अडखळता म्हणून दाखवलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्या पायावर पाय दिलास, चांगला जोरात. आणि त्या पोरीला म्हणालीस, "मग? पुढं काय झालं?"

बाहेर आल्यावर मी भागीमावशीच्या घराकडे निघालेच होते. तू मनगट धरलंस. "तू आज हिला बोललीस ना, तर उद्यापासून या गावात मला कुणी खरं सांगणार नाही. मग तुझं काय चुकतंय ते तुला कधीच कळणार नाही." मी म्हटलं, "माझं? माझं काय चुकलं? मी शिकवलं नाही का?" तू म्हणालीस, "तेच बघायला जाऊ."

भागीमावशीनं आपल्याला पाणी दिलं, गूळ दिला. तू पेटीचं नुसतं कौतुक केलंस. तिनं ती देवाजवळून काढून आणली. तू विचारलंस, "मावशी, इतकी सुरेख कातर. हिचं तुम्ही काय काय करता?" आणि ती अभिमानानं म्हणाली, "बाई, ती साहेबांची कातर. तिला रगत लावायचं कसं? डाग पडला मंजे लुगडं जाईल, नि साहेब पेटी परत मागतील ती निराळी. आमी तिला पाचवीच्या पाटावर मांडतो. पयली विळा मांडायचो, आता कातर मांडतो. आजूबाजूच्या बायका पाया पडायला येतात."

बाई गं. पाचवीला पूजा. विळ्यानं नाळ कापायची आणि पूजा कातरीची. बक्षीस स्वच्छ पेटीला, आणि पेटी स्वच्छ ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती वापरायचीच नाही. त्या हुकुमाचा इतका सरळ अर्थ आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. भागीमावशीच्या आला. हुकूम तिनं तंतोतंत पाळला होता.

घरी आल्यावर मी तुझ्याशी जे भांडले, ते आपांना सबंध ऐकू गेलं असणार. तुझं म्हणणं होतं, अहवालात हे असंच लिहायचं. मी म्हटलं, "मॅडमसमोर हे गेलं तर योजना संपली. वर्ग बंद. मग ना कातर, ना साबण, ना शिकवणारी. त्या पोरांचं काय होईल?" तू म्हणालीस, "आणि लिहिलं नाही तर? कोनला पेट्या चकचकीत राहतील आणि पोरं जात राहतील. परदेशात सगळे म्हणतील काम छान चाललंय." मी म्हटलं, "तुला तुझ्या अहवालाची काळजी आहे, मला बायकांची आहे." हे मी बोलायला नको होतं असं आता लोक म्हणतील. मी म्हणते, बोलले ते बरंच झालं, कारण तू त्यावर इतकी चिडलीस की आयुष्यात पहिल्यांदा तुझा आवाज चढला. "मलाही बायकांचीच आहे, सिंधू. म्हणून तर मी पेटी बघत नाही, हकीगत ऐकते." मी एकटीच भांडत नाही, हे खाली आपांना त्या दिवशी कळलं असेल.

मग जुन्या साहेबांनी तुला बोलावून घेतलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, एवढा मजकूर तेवढा गाळा, बाकी सगळं उत्तम आहे. तू विचारलंस, "बाकीचं म्हणजे कुठलं?" साहेबांनी तुला बदलीची भीती घातली. तू घरी आलीस, पाय धुतलेस, भाताला आधण ठेवलंस आणि म्हणालीस, "गाळणार नाही." मी भाजी चिरत होते. मनात म्हटलं, मेली काय जिद्दीची आहे, हिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. मला तुझा राग येत होता आणि त्याच घटकेला तुझा अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मॅडम आल्या त्या दिवशीची बैठक मी जन्मभर विसरणार नाही. साहेब दुभाषे. तू मराठीत बोलायचीस आणि साहेब त्याला साखर लावून इंग्रजीत सांगायचे. तू म्हणालीस पेट्या वापरल्या जात नाहीत, साहेबांनी सांगितलं पेट्यांची बायका फार काळजी घेतात. मॅडम प्रसन्न हसल्या. इंग्रजी तू शाळेपुरतं शिकलेली, मला येत होतं त्याहून थोडंच जास्त. पण साहेब काय करतायत ते तुला कळलं. तू उठून उभी राहिलीस आणि स्वतःच इंग्रजीत बोलायला लागलीस. एकेक शब्द सुटा, मध्ये खूप थांबून. मला एवढं कळलं, बक्षीस चूक आहे. बायका चूक नाहीत. शिकवणारी चूक नाही. माझ्याकडे बोट करून म्हणालीस ते. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मॅडमनी विचारलं, मग आम्ही तपासायचं काय? तू शब्द शोधलास, सापडेना, म्हणून आपल्या पदरावरचा हळदीचा डाग बोटानं दाखवलास. म्हणालीस, हे. पेटीवर डाग नसेल तर पेटी नापास.

माझा ऊर भरून आला, वत्सला. त्या दिवशी तू माझं नाव वाचवलंस म्हणून नव्हे. अख्ख्या कचेरीत एक माणूस खरं बोलत होतं आणि ते माझ्या खोलीतलं होतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मॅडम आपल्याबरोबर कोनला आल्या. गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसल्या आणि तुझ्यासारख्या हकीगत ऐकू लागल्या. एक शब्द कळत नव्हता त्यांना, तरी मध्ये बोलल्या नाहीत. बक्षीस बंद झालं. वर्ग चालू राहिले. मी शिकवायची रीत बदलली, वर्गात नाही, ज्या सुईणीचं घर तिच्या चुलीवर, तिच्याच टोपात. भागीमावशीच्या पेटीला पहिला डाग पडला तेव्हा ती स्वतः ती घेऊन पनवेलला चालत आली आणि तुला दाखवून म्हणाली, "बगा, आता पास की नाय?" तू त्या डागावरून बोट फिरवलंस आणि हसलीस. तुझं ते हसू मी फार थोड्या वेळा पाहिलं.

पुढच्या आराखड्यात मात्र मूल्यमापनाची जागाच नव्हती. मागून बघणारं माणूस कुणालाच नको होतं. वर्गात किती बायका बसल्या एवढं कळवलं की पुरे, असं ठरलं. तुझी नोकरी गेली. तू मुलींच्या शाळेत लागलीस, गणित शिकवायला. मला वाटलं आता तरी आपल्या घरात शांतता नांदेल. कसली शांतता? रविवारी सकाळी छत्री घेऊन निघायचीस. कधी करंजाडे, कधी कोन, कधी खाडीपलीकडे. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला कळवायचं नाही, आणि संध्याकाळी धुळीनं भरलेले पाय घेऊन येऊन मला सांगायचीस, "त्या आळीत पाणी उकळतायत, पण हात धुवायचं विसरतायत. पुढच्या वेळी तेवढं बघ." मी म्हणायचे, "तुला कुणी विचारलं होतं?" आणि पुढच्या वर्गाला जाऊन तेवढं बघायचे.

हळूहळू त्या गावांतून आकडीचं नाव कमी ऐकू यायला लागलं. मी एकदा पेढे आणले. तू पेढा खाल्लास आणि म्हणालीस, "हे तुझ्यामुळं झालं असं मी म्हणू शकत नाही." मी म्हटलं, "मग कुणामुळं? त्या पेढेवाल्यामुळं?" तू म्हणालीस, "सडक झाली. दवाखाना जवळ आला. बायका चार घास जास्त खायला लागल्या. तुझं शिकवणंही त्यात आहे. पण नुसतं त्यामुळंच झालं, हे मला कोण सांगणार?" मी दुसरा पेढा तुला दिला नाही. आजही मला वाटतं, एवढ्या एका दिवशी तू माझी पाठ थोपटायला हवी होतीस. थोपटली नाहीस. हा वाद आपला अर्धवट राहिला, आणि त्यात मी तुला माफ केलेलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

शेवटी मॅडमची माणसं गेली, मदत थांबली, वर्ग बंद झाले. पेट्या यायच्या बंद झाल्या. मी त्या दिवशी जेवले नाही. तू माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "आता खरं कळेल." मी म्हटलं, "काय कळेल?" म्हणालीस, "आपण असताना सगळेच नीट करतात. आपण निघून गेल्यावर, आपलं नाव विसरल्यावर काय उरतं, ते बघायचं. ते उरलं तर उतरलं." मी रागानं भिंतीकडे तोंड करून झोपले. तुझं खरं होतं, पण त्या दिवशी मला खरं नको होतं.

नंतर तू आजारी पडलीस. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी पुन्हा तेच विचारलं. हसू नकोस, दुसरं काय विचारणार होते? बाकी सगळं आपल्याला माहीत होतं. म्हटलं, "एकदाचं सांगून टाक ना. उतरलं की नाही?" तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बरी झाले की कोनला जाते. बघून सांगते." तू थापा मारणारी नव्हतीस. न बघता तू मला मरतानासुद्धा हो म्हणाली नाहीस. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं. तू तोंडदेखलं हो म्हणून गेली असतीस तर मी त्याच 'हो'वर विसंबून राहिले असते.

तुझं दिवसकार्य झालं, काल सभा झाली आणि आज सकाळी उठून मी कोनला गेले, भागीमावशीला तू गेल्याचं सांगायला. तिला आता नीट दिसत नाही, बाळंतपणं करत नाही ती. तिनं माझे हात धरले आणि खूप रडली. म्हणाली, "ती बाई मला कवा बोलली नाय, तुमी लय बोललात. पन मला भ्या तिचाच वाटायचा." मला हसू आलं, रडत असताना. मग ती म्हणाली, आळीच्या टोकाला नवी बाळंतीण आहे, जाऊन बघा.

मी गेले. ओळखीचं घर नाही. कुणी मला ओळखलं नाही. पोरगी अगदी कोवळी, लग्न होऊन न्हावा गावाहून आलेली. मी जमिनीवर बसले, बाळ मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "त्या दिवशी काय काय झालं गं? पहिल्यापासून सांग." आणि तोंड मिटून बसले. वत्सला, मला किती जड गेलं ते तुला काय सांगू. तिची हकीगत संपत नव्हती. नवरा मिठागरावर होता, सासूची कंबर धरली होती, जावेनं चहा सांडला. मी आतल्या आत कुढत होते आणि तू माझ्या पायावर पाय देत होतीस. मग ती म्हणाली, "आत्ती आली, पयली हात धुतलं साबनानं, कोपरापोत. दुकानातून नवं ब्लेड आनाया सांगितलं. ते टोपात टाकलं नि पानी खळाखळा उकललं, मंग नाळ कापली."

आत्ती म्हणजे शेजारची कुणी बाई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्या वर्गाला आलेली नव्हती, तिला पेटी मिळालेली नव्हती. मी हळूच सासूकडे गेले, तिच्याकडून ऐकलं. शेजारणीकडून ऐकलं. तिन्ही मनात जुळवून पाहिल्या. जुळल्या.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. जो प्रश्न तू कधी विचारू दिला नसतास तोच मी विचारला. त्या पोरीला म्हटलं, "हे पाणी उकळायचं, हात धुवायचं, हे तुमच्या आत्तीला कुणी शिकवलं?" ती माझ्याकडे असं बघायला लागली की मी शहाणी आहे की नाही याची तिला शंका आली असावी. म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? आमच्यात असंच करतात. पयल्यापासून."

पहिल्यापासून. तिच्या त्या 'पहिल्यापासून'मध्ये मी नव्हते, तू नव्हतीस, मॅडम नव्हत्या, भागीमावशीसुद्धा नव्हती. श्रेयासाठी भांडणारी मी, काल साहेबांच्या भाषणावर जळणारी मी, तिथं त्या अंगणात बाळ मांडीवर घेऊन बसले आणि मला इतका आनंद झाला की बाळाच्या अंगावर टिपं पडली. पोरीनं घाईघाईनं बाळ काढून घेतलं, दृष्ट लागेल म्हणून.

आता ऐक. हे काम तुझं होतं, म्हणून शेरा तुझ्याच पद्धतीनं देते. कोनला एका घरी पाहिलं. तिघींकडून ऐकलं. शिकवणाऱ्यांचं नाव कुणाला माहीत नाही. उतरलेलं आहे. एका घरावरून ठरवू नये हे मला कळतं, म्हणून रविवारी करंजाड्याला निघालेय.

तुझी,
सिंधू